जुन्या रेसिंग सायकलीची पारख

सत्तरच्या दशकातली इटालियन रेसिंग सायकल विकायला आली, की आपण आधी रंग बघतो. जाणकार बघतो हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या आखूड नळीच्या, मागे. सायकल कधी समोरून आदळली असेल, तर तिथे तिरक्या नळीच्या पोटाला बारीक फुगवटा येतो. डोळ्यांना चुकला, तरी बोटांना लागतो. तो लागला, की सौदा बहुधा संपलाच!

मग सुतळी. मागच्या चाकाच्या एका खाचेला बांधून, हेड ट्यूबला वळसा घालून, दुसऱ्या खाचेपर्यंत ताणायची. सीटखालच्या नळीपासून सुतळीचं अंतर दोन्हीकडे सारखं हवं. नसेल तर फ्रेम वाकडी.

वय कसं ओळखायचं? कॅम्पान्योलो कंपनीच्या नुओव्हो रेकॉर्ड डिरेलरवर, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागावर, बहुतेकदा ‘पेटंट-७४’सारखा ठसा असतो. म्हणजे १९७४ च्या सुमाराचा माल. अर्थात हे वय डिरेलरचं, फ्रेमचं नव्हे. सुटे भाग काय, कधीही बदलतात.

फ्रेमच्या नळ्या कोणत्या, हे सांगणारं स्टिकर तर कुणीही चिकटवतो. त्यापेक्षा सीटपोस्ट, म्हणजे सीटची दांडी, काढून तिची जाडी मोजावी. कोलंबस कंपनीच्या एसएल या पातळ नळ्यांत ती सहसा २७.२ मिलिमीटरची बसते. बरीच बारीक निघाली, तर नळ्या जाड आणि साध्या असण्याचा संभव. आणि मूळ रंग उडालेला असला तरी राहू द्यावा. नव्या रंगाने हौशी ग्राहक बिचकतो.

सीटपोस्ट हललीच नाही, तर तिचं ॲल्युमिनियम फ्रेमच्या पोलादात गंजून घट्ट बसलंय. ते सोडवण्याचा खर्च किमतीतून आधीच वजा करून मागावा.