मेन स्विच ते डेटा सेंटर

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, "काका, मुलांना सांगा, तुम्ही नेमकं करता काय?" हा प्रश्न आमच्या घरातही अजून सुटलेला नाही!

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. सुरुवातीची वर्षं साइटवर केबल, पॅनेल, ट्रान्सफॉर्मर यांच्यात गेली. २६ जुलै २००५ आठवतंय? पाणी मीटर रूमच्या उंबऱ्याला लागलं तेव्हा मी मेन स्विच बंद केला. दोन दिवस अंधार, पण कुणाला शॉक लागला नाही. नंतर आपण मीटर वर घेतले. तोच धडा पुढे मला डेटा सेंटरमध्ये कामी आला.

तुमचे फोटो, बँकेचे व्यवहार 'क्लाउड'मध्ये असतात म्हणतात. ते ढगात नसतात. ऐरोली-महापेसारख्या ठिकाणी रॅकमधल्या सर्व्हरवर असतात. तिथे वीज क्षणभरही जाऊन चालत नाही. लाइट गेली की यूपीएसच्या बॅटऱ्या भार उचलतात, तेवढ्यात डिझेल जनरेटर सुरू होतात. शिवाय प्रत्येक रॅकला 'ए' आणि 'बी' अशा दोन लाइन, वेगवेगळ्या यूपीएसवरून. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, तेव्हा याच व्यवस्थेवर आम्ही तरलो.

पण माझी खरी परीक्षा आधीच झाली होती. पहिलंच डेटा सेंटर, हँडओव्हरला आठवडा उरलेला. चाचणीसाठी 'ए' मुद्दाम बंद केली, आणि रॅकची अख्खी रांग विझली! दोन्ही लाइन एकाच पॅनेलवरून आल्या होत्या. तपासणीच्या कागदावर सही माझी. ड्रॉइंग बघून केलेली. केबल शेवटपर्यंत तपासलीच नव्हती.

"रातोरात बदलू, रिपोर्टात कशाला?" एक जण म्हणाला. घराचे हप्ते चालू, मुलगी लहान. रात्री दोनला घरी फोन केला. ही म्हणाली, "सही तुमची आहे ना? मग लिहून टाका."

लिहिलं. हँडओव्हर लांबला, भरपूर बोलणी खाल्ली. मग एकेक केबल तपासली, तर आणखी दोन ठिकाणी तीच चूक! गुपचूप झाकलं असतं तर त्या दोन तशाच राहिल्या असत्या. पुढच्या कामाला त्याच ग्राहकाने मला मागून घेतलं. प्रोजेक्ट लीड झालो तो तिथून.

मुलांनो, या क्षेत्रात जरूर या. इलेक्ट्रिकल, एसी, सिव्हिल, फायर अशा सगळ्यांना एकत्र घेऊन चालावं लागतं. आधी साइटवर धूळ खा, सिंगल लाइन डायग्राम वाचायला शिका, आणि न बघता सही करू नका.

आमच्या चाचण्या रात्री आणि सुट्टीच्या दिवशी. कित्येक गणपतींच्या आरत्या माझ्या चुकल्या. मुलीला ताप आला तेव्हा दवाखान्यात शेजारच्या वहिनी घेऊन गेल्या. आमच्या घराची 'बी' लाइन तुम्हीच होतात.