गेम घेतला, पण माझा झाला का?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. लाईट गेली, नेटवर्क गेलं. नंतर एकाच्या जनरेटरवर लॅपटॉप चार्ज केला, पैसे मोजून घेतलेला गेम उघडला, तर म्हणे आधी ऑनलाइन या! दादाची जुनी सीडी मात्र लगेच चालली.

मी स्वतः कोड लिहितो. चोरी थांबवायला कुलूप हवं, हे कळतं. पण किल्ली कायम कंपनीकडेच? युबिसॉफ्टने २०२४ मध्ये 'द क्रू'चे सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेला गेमही संपला.

म्हणून घेण्याआधी बघा, नेटशिवाय चालतो का? जीओजीवर ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो, तो पेनड्राइव्हवर ठेवा. वाडी आपली, मग नारळ पाडायला दरवेळी कोणाला कशाला विचारायचं?