निकोप स्वत्व आणि शाळेचे नेतृत्व

(पातूर येथील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



नेतृत्व हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे सभामंडप, हारतुरे आणि मोठी माणसे उभी राहतात. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींना वा बाईंना नेते म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही. परंतु रोज सकाळी चाळीस मुले ज्याच्या शब्दाची वाट पाहत रांगेत उभी राहतात, कापूस वेचणीच्या दिवसांत मुलाला शाळेत पाठवावे की शेतात न्यावे हे ज्याच्या सांगण्यावरून पालक ठरवतात, तो नेता नव्हे तर कोण? म्हणून नेत्याच्या ठिकाणचा ‘मी’ कसा असावा, हा प्रश्न आपल्याला परका नाही.

‘मीपणा टाका’ हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो खोटा नाही. परंतु अपुरा आहे. मीपणा टाकावा तो गर्वाचा. स्वत्वच टाकले तर उभे राहायचे कशाच्या बळावर? मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ‘अहं’ या कल्पनेचे जे विवेचन केले, त्यात अहं म्हणजे घमेंड नव्हे. मनातील अनावर ओढी, सदसद्विवेकाचा धाक आणि बाहेरचे वास्तव, या तिघांच्या ओढाताणीत तोल राखणारी जी मनाची शक्ती, ती अहं. आपल्या भाषेत सांगायचे तर ती कासरा धरणाऱ्या गाडीवानासारखी आहे. हात ढिला पडला तर बैल वाट सोडतात. उगाच हिसके दिले तर जागीच अडतात.

फ्रॉइड यांचे समकालीन आल्फ्रेड अॅडलर (१८७०–१९३७) यांनी याच्याही पुढची गोष्ट सांगितली, आणि ती शिक्षकांनी मनात जपून ठेवावी अशी आहे. व्हिएन्ना शहरात शिक्षकांना बरोबर घेऊन त्यांनी बालमार्गदर्शनाची केंद्रे चालविली. वरवर जो अहंगंड दिसतो त्याच्या मुळाशी पुष्कळदा न्यूनगंडच दडलेला असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्वतःला आतून कमी लेखणारा माणूस दुसऱ्याला खाली दाबून आपली उंची वाढवू पाहतो. असा माणूस शिक्षक झाला, तर ‘तुझ्या डोक्यात काही शिरायचे नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून सहज निघते. ते ऐकणारे सात वर्षांचे लेकरू मात्र ते विसरत नाही. गुरुजींचा रोग असा मुलांना लागतो.

मग निकोप स्वत्व कसे असते? याचे उदाहरण शोधावयास आपल्याला वऱ्हाड सोडून जावे लागत नाही. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच संत गाडगेबाबा, यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडिलांच्या मागे ते वाढले ते आपल्याच अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे, मामाच्या घरी. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. १९०५ साली त्यांनी घर सोडले. हातात खराटा, अंगावर चिंध्या आणि जवळ एक गाडगे. गावात येताच ते आधी गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. कोणी पाया पडू लागला तर त्यास ते अडवीत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपल्याला शिष्य नाहीत, असे ते निक्षून सांगत.

एवढ्यावरून बाबांच्या ठिकाणी ‘मी’ उरलाच नव्हता असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. चरित्रकार सांगतात की मामाची जमीन सावकाराच्या कचाट्यात सापडली तेव्हा तरुण डेबूजी शेतात ठाम उभे राहिले. मुलीच्या बारशाला मद्यमांसाचे जेवण घालण्याची जातीची चाल होती. ती मोडून त्यांनी गोडाचे जेवण दिले आणि भाऊबंदांची नाराजी सोसली. स्वत्व नसलेल्या माणसाच्या हातून हे होत नाही. त्यांचे स्वत्व इतके भक्कम होते की त्याला मानाच्या टेकूची गरज उरली नव्हती. खराटा हाती घेतल्याने आपण लहान होऊ, ही भीती ज्याला नाही तोच सर्वांदेखत खराटा हाती घेतो.

या चरित्रातून आपल्या कामासाठी मला तीन कसोट्या दिसतात.

पहिली कसोटी प्रश्नाची. बाबांचे कीर्तन हे एकट्याचे बोलणे नव्हते. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. मजुरी करणारी एखादी माउली त्या सभेत उठून विचारते, ‘गुरुजी, माझ्या पोराला अजून वाचता का येत नाही?’ दुबळ्या अहंला हा प्रश्न अपमान वाटतो, आणि मग ‘तुम्हाला यातले काय कळते’ असे उत्तर येते. निकोप स्वत्वाचा मुख्याध्यापक म्हणतो, ‘बाई, बसा. आपण दोघे मिळून पाहू.’ त्या एका उत्तरावर त्या मुलाचे वाचन, आणि पुढच्या सभेस ती माउली येणार की नाही, हे दोन्ही अवलंबून असते.

दुसरी कसोटी नकाराची. नम्रता आणि लाचारी या वेगळ्या वस्तू आहेत. हजेरीपटावर गैरहजर मुलाची हजेरी मांडा, पोषण आहाराच्या नोंदीत एवढा आकडा भरा, असा दबाव कधी गावातून येतो, कधी वरूनही येतो. अशा वेळी ज्याच्यापाशी स्वत्व नाही तो सही करून मोकळा होतो आणि त्यालाच आपला साधेपणा म्हणतो. वस्तुतः तिथे मुलांच्या ताटातला घास जात असतो. शांतपणे, आवाज न चढविता ‘हे माझ्याकडून होणार नाही’ असे म्हणता येणे, हे निकोप अहंचे सर्वांत मोठे लक्षण आहे. अहंकारी माणूस ओरडतो, न्यूनगंडाचा माणूस वाकतो; स्वत्वाचा माणूस दोन्ही करीत नाही.

तिसरी कसोटी सर्वांत अवघड आहे. आपण नसताना काम चालते काय? बाबांनी धर्मशाळा उभारल्या, पण त्यांवर मालकी ठेवली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. महाराष्ट्र शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले ते त्यांच्याच नावाने. ज्यांनी नाव मिरविले नाही त्यांचे नाव लोकांनी मिरविले.

या कसोटीला प्रयोगाचाही आधार आहे. अमेरिकेत कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांच्या मुलांच्या लहान गटांवर केलेला अभ्यास १९३९ साली प्रसिद्ध झाला. काही गटांत प्रमुख केवळ हुकूम सोडी. काही गटांत तो मुलांशी विचारविनिमय करून काम ठरवी. हुकमी प्रमुख खोलीबाहेर गेला की मुलांचे काम ढेपाळे. विचारविनिमयाच्या गटातील मुले प्रमुख नसतानाही काम पुढे नेत. शाळा तपासणीस जाताना हेच दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. एखाद्या शाळेत गुरुजी बैठकीला गेले की वर्गात बाजार भरतो. दुसऱ्या शाळेत गुरुजी नसतात, तरी चौथीची मुलगी पहिलीच्या मुलांकडून पाढे म्हणवून घेत असते. ‘माझ्यावाचून शाळेचे पान हलत नाही’ असे पहिले गुरुजी अभिमानाने सांगतात. त्यांच्या कामातील मोठी उणीव तीच आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

बंधुभगिनींनो, मोठे संकल्प सोडण्याची आवश्यकता नाही. येत्या महिन्यात तीन लहान गोष्टी करून पाहाव्यात. परिपाठ एक आठवडा पूर्णपणे मुलांच्या स्वाधीन करावा आणि आपण मागे उभे राहावे. शाळेतील सर्वांत नव्या शिक्षकाला आपला एक पाठ पाहावयास बोलवावे आणि त्याचे मत मध्ये न बोलता ऐकून घ्यावे. आणि दिवसाच्या टाचणाखाली रोज एक ओळ लिहावी: आज मला राग आला तो मुलांच्या नुकसानीचा, की माझ्या मानाचा? ही ओळ कोणा अधिकाऱ्यास दाखविण्याची नाही. ती ज्याची त्याने वाचावी.

वऱ्हाडातील काळी जमीन कसणारी माणसे जाणतात की मुळे खोल गेलेले झाड वाऱ्यात हलते, पण उन्मळत नाही. आपले स्वत्व तसे असावे, आणि त्याच्या सावलीत आपल्या गावची लेकरे निर्भयपणे वाढावीत, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.