परखी कुणाच्या हातात?

धानाचा हंगाम आला की मूलच्या राईस मिलसमोर ट्रॅक्टरची रांग लागते. अशाच एका नोव्हेंबरात ओळखीच्या शेतकऱ्यासोबत मी एका मिलवर गेलो होतो. कट्टे उतरत होते आणि मिलचा माणूस हातात परखी घेऊन फिरत होता. परखी आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. टोकदार, पन्हळीसारखी लोखंडी वस्तू. कट्ट्यात खुपसली की मूठभर धान बाहेर येतं. ते तळहातावर चोळायचं, एखादा दाणा दाताखाली धरायचा आणि ओल किती, पोचट किती याचा अंदाज घ्यायचा. आमचा शेतकरी पुन्हा पुन्हा सांगत होता, "हा कट्टा पाहा ना भाऊ, हा पाहा." तो माणूस मान डोलवायचा आणि परखी नेमकी दुसऱ्याच कट्ट्यात घालायचा.

तिथेच काट्याच्या खोलीत एक तरुण पोरगा बसला होता. माझा जुना विद्यार्थी. समोरच्या टेबलावर पाच मोबाईल, एक त्याचा, बाकीचे हमालांचे आणि ड्रायव्हरांचे. एकेक उचलायचा, बोट टेकवायचा, ठेवायचा, पुढचा उचलायचा.

"काय चाललंय रे?"

"मत टाकून राहिलो सर."

नगरपरिषदेची निवडणूक तोंडावर आली होती. कुठल्याशा बातम्यांच्या पेजनं कौल काढला होता, 'तुमच्या प्रभागातून तिकीट कुणाला मिळावं?' दोन इच्छुक भाऊ, दोघांचे फोटो, खाली टक्के. आमच्या विद्यार्थ्याचे भाऊ ५३ टक्क्यांवर होते. एका मोबाईलवरून एकच मत घेण्याची सोय त्या पेजनं केली होती, पण ब्राउझरची हिस्टरी साफ केली की तोच मोबाईल पुन्हा नवा मतदार व्हायचा. मी एकूण मतं पाहिली. प्रभागाच्या मतदारयादीत जेवढी नावं आहेत त्याच्या दुप्पट मतं एव्हाना पडली होती. मी ते त्याला दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, "तिकडचे काई कमी आहेत का सर? आपून नाही टाकलं तर तेच पुढं जातीन."

या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करत होतो. आपण खोटेपणा करतोय असं त्याला वाटतच नव्हतं. समोरच्यांनी तराजूचं एक पारडं दाबून धरलंय, म्हणून आपण दुसरं दाबतोय, एवढंच. समोरच्या गोटातला पोरगाही हेच म्हणत असणार. दोघांच्या मते दोघंही कौल सरळ करत होते.

आकाशवाणीच्या माईकवरून इथल्या पक्षांची उणीदुणी काढायची नसतात, त्यामुळे थोडं लांबचं उदाहरण घेतो. अमेरिकेत २०१४ आणि २०१५ साली दोन ऑनलाइन कौलांमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांचं नाव वर आणायचं काम त्यांचे तेव्हाचे वकील मायकेल कोहेन यांनी एका संगणक-व्यावसायिकाला दिलं होतं. वॉल स्ट्रीट जर्नलनं जानेवारी २०१९ मध्ये ही हकीकत छापली आणि कोहेननी ती कबूल केली. ठरले होते ५० हजार डॉलर. त्या व्यावसायिकाच्या सांगण्याप्रमाणे हातात पडली ती वॉलमार्टची एक पिशवी, तीत बारा-तेरा हजार डॉलर रोख आणि वर एक मुष्टियुद्धाचा हातमोजा. कोहेन म्हणाले, रोख दिलीच नाही, चेक दिला. ते राहू द्या, निकाल ऐका. एका कौलात ट्रम्प पहिल्या शंभरातही आले नाहीत आणि दुसऱ्यात पाचवे आले. आमच्या काट्यावरच्या पोरानं हे काम फुकटात जास्त नेटकं केलं असतं.

पण असल्या कौलासाठी कुणी पैसे का मोजावेत? कौलात पहिला आल्यानं नगरसेवकाची खुर्चीही मिळत नाही, राष्ट्राध्यक्षपद तर लांबच. 'टाइम' साप्ताहिकाच्या वाचककौलात २०१४ आणि २०१६ या दोन्ही वर्षी आपले पंतप्रधान पहिले आले. संपादकांनी २०१४ मध्ये इबोलाशी लढणाऱ्यांना निवडलं आणि २०१६ मध्ये ट्रम्पना. २०१२ साली त्याच वाचककौलात उत्तर कोरियाचे किम जोंग-उन पहिले आले होते! संपादकांना या आकड्यांची किंमत ठाऊक होती.

माझ्या मते याचं उत्तर असं, की हा कौल मतदारासाठी नसतोच. तो वरच्यासाठी असतो. कौलाचा स्क्रीनशॉट काढायचा आणि नागपूरला किंवा मुंबईला ज्यांच्या हातात तिकीट आहे त्यांच्या मोबाईलवर टाकायचा, 'साहेब, जनतेत आपलंच नाव आहे.' पूर्वी याच कामासाठी ट्रॅक्टर भरून माणसं नेत. डिझेल लागायचं, जेवण लागायचं. आता पाच मोबाईल पुरतात. सभेतली गर्दी भाड्याची असते हे नेत्यालाही माहीत असतं. तरी ती जमवावी लागते, कारण गर्दीही न जमवता येणाऱ्याला तिकीट कोण देणार? ऑनलाइन कौलही तसाच. तो लोकांचं मत दाखवत नाही, तुमच्याकडे मोबाईल धरून बसणारी पोरं किती आहेत ते दाखवतो. आणि खरं सांगायचं तर तिकीट वाटणाऱ्याला तेवढंच जाणून घ्यायचं असतं.

दुसरं गिऱ्हाईक आपलाच कार्यकर्ता. दारोदार फिरणं, नालीच्या तक्रारी ऐकणं, कुणाच्या शिव्या खाणं ही कष्टाची कामं. बोट टेकवणं सोपं, आणि टेकवलं की ५३ चे ५४ होतात, डोळ्यांदेखत होतात. काम केल्याचा हुरूप येतो. कुंपणावर बसलेला मतदार त्या ५४ टक्क्यांमुळे खाली उडी मारतो, यावर माझा फारसा विश्वास नाही. गावात कोण कसा आहे हे त्याला कौलाआधीपासून माहीत असतं.

आणि तिसरा, ज्याचं नाव कुणी घेत नाही, तो कौल काढणारा. दोन्ही गटांनी लिंक गावभर फिरवली की त्याच्या पेजला फुकटची जाहिरात मिळते. मतं यादीपेक्षा दुप्पट झाली याची त्याला चिंता कशाला? चौपट झाली तर उत्तमच.

आपणही यात धुतल्या तांदळाचे नाही. २००७ साली जगातली नवी सात आश्चर्यं निवडायचा घाट एका खासगी संस्थेनं घातला, तेव्हा ताजमहालासाठी देशभर एसएमएसचा पाऊस पडला होता. शाळांतून आवाहनं, टीव्हीवर आवाहनं. ७ जुलैला लिस्बनमध्ये ताजमहालाचं नाव जाहीर झालं आणि आपण खूश झालो. युनेस्कोनं आधीच सांगितलं होतं की हे फक्त इंटरनेट वापरणाऱ्यांचं मत आहे, साऱ्या जगाचं नव्हे. २०२२ च्या प्रजासत्ताकदिनी महाराष्ट्राच्या जैवविविधतेच्या चित्ररथाला लोकपसंतीचं पारितोषिक ऑनलाइन मतांवर मिळालं. मीही त्याला मत दिलं होतं. दुसऱ्या राज्यांचे चित्ररथ पाहिले होते का? नाही.

चित्ररथापुरतं हे चालतं. पण आपल्या जिल्ह्यात एक प्रश्न असा होऊन गेला की त्यात कोण बोललं आणि कोण गप्प राहिलं याला फार वजन होतं. तो म्हणजे दारूबंदी. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत हजारो बाया पायी गेल्या. आपल्या मूल तालुक्यातल्या चितेगावात जिचं काम उभं आहे ती श्रमिक एल्गार संघटना त्यात पुढे होती. ग्रामपंचायतींनी ठराव केले आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासूनच आहे. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये बंदीचा फेरविचार करण्यासाठी प्रशासनानं लोकांकडून निवेदनं मागवली. अडीच लाखांहून जास्त निवेदनं आली आणि त्यातली बहुतांश बंदी उठवा म्हणणारी होती. २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळानं बंदी उठवली.

बंदी चांगली की वाईट, या वादात मला आज शिरायचं नाही. बेकायदा दारूनं मांडलेला उच्छाद आपण सगळ्यांनी पाहिला आहे, आणि दुकानं उघडल्यानंतरचंही पाहतो आहोत. मला फक्त आकड्याबद्दल बोलायचं आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाखांवर होती. लहान मुलं वगळा, तरी ज्यांनी निवेदन दिलं नाही ते दिलेल्यांच्या कितीतरी पट भरतात. त्यांचं म्हणणं काय होतं? ज्याला दुकान उघडण्यात फायदा आहे त्याला कागद भरायला वेळ असतो. जी बाई फेब्रुवारीत मिरची तोडायला तेलंगणात गेली आहे तिला नसतो. निवेदनं खोटी होती असं मी म्हणत नाही. शेतकऱ्यानं हातानं पुढे केलेला कट्टाही खोटा नसतो, त्यातलं धान खरंच चांगलं असतं.

याच दारूच्या प्रश्नावर मोजणीची एक दुसरी तऱ्हाही आपल्या राज्यात आहे, उभी बाटली आणि आडवी बाटली. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातलं दुकान बंद करायचं असेल तर आधी गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते. मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात, आणि निम्मी म्हणजे मतदानाला आलेल्यांच्या निम्मी नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्मी. घरी बसलेली बाई, माहेरी गेलेली बाई, मिरचीला गेलेली बाई, सगळ्या मोजणीत असतात आणि दुकानाच्या बाजूनं मोजल्या जातात. नियम फार कडक आहे, बायांवर अन्याय करणारा आहे असं मला वाटतं. पण त्यात एक गोष्ट आहे जी मोबाईलवरच्या कौलात नसते. तिथे यादी आहे. न बोललेल्या माणसाचाही हिशेब आहे. आणि एक बाई दोनदा मत देऊ शकत नाही, कारण हिस्टरी साफ करायची सोय तिथे नाही.

निवडणुकांची सर्वेक्षणं करणारेही चुकतात, ते वेगळं सांगायला नको. २००४ साली चुकले, २०२४ साली चुकले. पण कुणाला विचारायचं हे तिथे विचारणारा ठरवतो, परखी त्याच्या हातात असते. अमेरिकेत १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकानं सुमारे एक कोटी पत्रं पाठवली. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली आणि त्यावरून रूझवेल्ट हरणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्रं गेली होती ती मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांना, आणि त्यातही उत्तर धाडलं ते ज्यांना चीड होती त्यांनी. जॉर्ज गॅलप यांनी त्याच वेळी जेमतेम ५० हजार माणसं नीट निवडून विचारली आणि त्यांचा अंदाज खरा ठरला. वीस लाखांवर ५० हजार भारी पडले. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं.

तेव्हा श्रोतेहो, असा कौल तुमच्या मोबाईलवर आला तर जरूर बोट टेकवा, करमणूक म्हणून. पण कुणी त्याचे टक्के तुमच्या तोंडावर फेकले तर एकच विचारा, यादी कुठे आहे?

राहिला आमचा काट्यावरचा पोरगा. कौलात त्याचे भाऊ शेवटी ५८ टक्क्यांवर गेले. तिकीट दोन्ही भाऊंना मिळालं नाही, कौलात ज्याचा फोटोच नव्हता अशा तिसऱ्याला मिळालं. २ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदांचं मतदान झालं, २१ ला मोजणी झाली, नवे सदस्य बसले. परवा तो बसस्टँडवर भेटला, तेव्हा त्यानं मोबाईल काढून दाखवला. लिंक अजून चालू आहे आणि मतं अजून पडताहेत.