दमा, गादीतले माइट आणि पेशींचे निरोप

आज ॲलर्जीच्या दम्याबद्दल बोलूया. मला स्वतःला लहानपणापासून दमा आहे आणि "पंपाची सवय लागते हं!" हे वाक्य मी प्रत्येक लग्नकार्यात ऐकलंय. त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा.

सुरुवात गादीपासून. गादीत, उशीत धुळीतले माइट राहतात. कोळ्याच्या नात्यातले, पण डोळ्यांना न दिसणारे. त्यांच्या विष्ठेत असं एन्झाइम असतं, जे श्वासनळीच्या अस्तरातल्या पेशींमधले सांधे कुरतडतं. मग अस्तर धोक्याचे निरोप सोडतं. हे निरोप म्हणजे प्रोटीन, त्यांना सायटोकाइन म्हणतात. अस्तराचे निरोप तीन: टीएसएलपी, आयएल-३३ आणि आयएल-२५. ॲलर्जीची प्रवृत्ती असलेल्यांमध्ये ते पुढे पोहोचतात आणि टी-हेल्पर-२ नावाच्या पेशी कामाला लागतात. आता त्या आपले निरोप पाठवतात.

आयएल-४ सांगतो, "आयजीई अँटिबॉडी बनवा." ही आयजीई मास्ट पेशींवर जाऊन बसते. पुढच्या वेळी माइट आला की मास्ट पेशी हिस्टामिन वगैरे ओततात आणि काही मिनिटांत नळी आवळते. आयएल-५ चा निरोप थेट हाडांच्या मगजापर्यंत जातो, "इओसिनोफिल पाठवा." या पेशी खरं तर जंतांशी लढायच्या कामाच्या. इथे जंत नाहीत, तर त्या आपल्याच अस्तराला इजा करतात. आणि आयएल-१३, माझ्या मते सगळ्यात खोडकर. तो कफ वाढवतो आणि नळीचे स्नायू इतके चिडचिडे करतो की उदबत्तीच्या धुरानेही खोकला सुटावा.

इओसिनोफिलना यायला वेळ लागतो. म्हणून काहींना दुसरा झटका चार ते आठ तासांनी येतो. दुपारी माळा साफ केला, छाती रात्री वाजायला लागली, असं तुमच्याही घरी झालं असेल.

मग आयएल-५ अडवला तर? शास्त्रज्ञांनी ते करून पाहिलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आयएल-५ विरुद्धच्या औषधाने रक्तातले इओसिनोफिल कमी झाले, पण ॲलर्जन हुंगल्यावर नळी आवळायची ती आवळलीच. अनेकांना वाटलं, संपला विषय. पण २००९ मध्ये दोन अभ्यास आले. त्यांनी माणसं निवडून घेतली होती: उपचार चालू असूनही ज्यांचे इओसिनोफिल जास्तच राहतात असे रुग्ण. आता अटॅक कमी झाले. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या अभ्यासात वर्षाला सरासरी ३.४ अटॅक नुसत्या सलाईनच्या गटात, २ औषधाच्या गटात. औषध तेच, मेपोलिझुमॅब. २०१५ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिथे कळलं की दमा हा एकच आजार नाही. कोणाच्या छातीत कुठला निरोप जोरात आहे, ते आधी बघावं लागतं. पुढे आयएल-४ आणि १३ दोन्ही अडवणारं ड्युपिलुमॅब आलं, आणि २०२१ मध्ये टीएसएलपीच अडवणारं टेझेपेलुमॅब. ही इंजेक्शनं महाग आहेत आणि दम्यात ती मुख्यतः गंभीर रुग्णांसाठी.

आपल्यापैकी बहुतेकांना त्यांची गरज नसते. साधा स्टेरॉइडचा पंप पेशीत शिरून यातले बरेच निरोप लिहिणंच कमी करतो. फक्त त्याला दिवस लागतात, लगेच काही जाणवत नाही, म्हणून लोक तो सोडून देतात. साल्ब्युटामॉलचा पंप मिनिटांत आवळलेला स्नायू सैल करतो. बरं वाटतं. पण निरोप चालूच, सूज चालूच. म्हणूनच जागतिक 'जीना' मार्गदर्शिकेने २०१९ पासून सांगितलंय की मोठ्यांनी आणि किशोरवयीन मुलांनी नुसत्या साल्ब्युटामॉलसारख्या पंपावर राहू नये. "सवय लागते" म्हणणाऱ्या काकांना हे जरूर ऐकवा.

तुम्हाला दमा असेल, तर आज पंपावरचं नाव वाचा, आत नक्की काय आहे ते. घरात जुना सीबीसी रिपोर्ट असेल, तर त्यात इओसिनोफिलची ओळ शोधा. एकट्या त्या आकड्यावरून काही ठरत नाही, जंत असले तरी तो वाढतो. पण पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तो कागद बरोबर घ्या. आणि पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका.