वडीलधाऱ्यांची हजेरी



 आम्ही पेशाने शिक्षक. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. परंतु घरच्याच एका प्रसंगाने हा धडा आम्हांस शिकविला.

आमच्या अम्मी पूर्वी खडेबाजारातून भाजीची पिशवी स्वतः घेऊन येत. पुढे पिशवी जड वाटू लागली. नमाजाला जमिनीवर बसवेना, म्हणून खुर्ची आली. अंगावरचे कपडे सैल झाले. आम्ही म्हणत राहिलो, "वय झाले, चालायचेच." एके दिवशी त्या न्हाणीत पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. डॉक्टरांनी विचारले, "वजन केव्हापासून उतरते आहे?" वर्गात रोज हजेरी घेणाऱ्या आम्हांस घरातील एका माणसाविषयी उत्तर देता आले नाही.

वार्धक्य निराळे आणि क्षीणता निराळी. अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली क्षीणतेच्या पाच खुणा सांगितल्या: प्रयत्न न करता वजन उतरणे, सततचा थकवा, हाताची पकड ढिली होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. तीन वा अधिक खुणा असल्या तर क्षीणता. एक-दोन असल्या तर तिची पूर्वावस्था.

अशी माणसे किती? आपापल्या घरी राहणाऱ्या, पासष्टी गाठलेल्या सुमारे 61,500 वृद्धांच्या 21 पाहण्यांचा एकत्र हिशेब 2012 साली प्रसिद्ध झाला. त्यात शेकडा 10.7 क्षीण व 41.6 पूर्वावस्थेत आढळले. पंच्याऐंशीच्या पुढे हे प्रमाण शेकडा 26 वर जाते. स्त्रियांत ते पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट. मोजण्याची रीत बदलली की आकडाही बदलतो. निरनिराळ्या पाहण्यांत तो 4 पासून 59 पर्यंत आला. तरीही दहांत एक धरला, तर आपली एकही गल्ली यातून सुटत नाही.

समाधानाची गोष्ट ही, की पूर्वावस्थेतून पुष्कळदा मागे फिरता येते. झेपेल तेवढा स्नायूंचा व्यायाम, रोजचे चालणे, जेवणात डाळ, दूध, अंडी आणि चालू औषधांची डॉक्टरांकडून फेरतपासणी, एवढ्यानेही ताकद सावरते.

आपला ट्रस्ट मुलांच्या वह्यापुस्तकांची काळजी वाहतो. आमची नम्र विनंती एवढीच, की या महोत्सवी वर्षापासून स्वयंसेवकांनी वजनकाटा घेऊन घरोघर जावे, वडीलधाऱ्यांना या पाच गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे वहीत टिपून ठेवावीत. अम्मी आता काठी धरून अंगणापर्यंत येतात. त्या पडण्याआधीच कोणी विचारले असते, तर कदाचित ही काठीही लागली नसती.