कल्याण, कसारा, कळवा : डेटाबेस हाताळणाऱ्या साधनांच्या चाचण्या

डेटाबेस हाताळणाऱ्या साधनांचे काम वरवर साधे दिसते. टेबल तयार करायचे, नोंदी दाखवायच्या, बदलायच्या, बॅकअप घ्यायचा आणि वेळ आली की तो परत चढवायचा. मायएसक्यूएलसाठी पीएचपीमायॲडमिन आणि पोस्टग्रेस्क्यूएलसाठी पीजीॲडमिन ही त्यांतली सर्वांत परिचित नावे. दोघांची सुरुवात १९९८ सालची. सध्याचे पीजीॲडमिन ४ हे २०१६ मध्ये पायथनमध्ये नव्याने लिहिले गेले, आणि त्याच्या घडणीत एंटरप्राइजडीबी या कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. दोन्ही साधनांचा कोड खुला आहे, त्यामुळे त्यांच्या स्वयंचलित चाचण्याही कोणालाही वाचता येतात. कोड वाचणारे पुष्कळ असतात. चाचण्या वाचणारे थोडे.

या साधनांतली चूक साधनापुरती राहत नाही, ती दुसऱ्याच्या नोंदींमध्ये जाऊन बसते. साधन बंद पडले तर लगेच कळते. पण दाखवलेली नोंद आणि साठवलेली नोंद यांत फरक पडला, तर तो कळेपर्यंत त्या नोंदीवरून बिले निघालेली असतात. म्हणून चाचणी तपासताना ‘ही पास होते का?’ हा प्रश्न दुय्यम ठरतो. साधनात नेमके काय बिघडले म्हणजे ही चाचणी नापास होईल, हे आधी सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर हिरवी खूण फक्त कोड चालला एवढेच सांगते. सर्वांत स्वस्त पडताळणी अशी: कोडमधली एक अट मुद्दाम उलटी करायची आणि चाचण्या पुन्हा चालवायच्या. सगळे हिरवेच राहिले, तर त्या अटीवर पहारा नाही.

चाचण्यांचे थर वेगवेगळे असतात. पीएचपीमायॲडमिनच्या अनेक चाचण्यांना खरा सर्व्हर लागत नाही. तिथे एक नकली डेटाबेस बसवलेला आहे. अमुक क्वेरी आली की तमुक उत्तर द्यायचे, असे त्याला पढवून ठेवलेले असते. त्यामुळे चाचण्या झटपट होतात. पण ती क्वेरी खऱ्या मायएसक्यूएलने स्वीकारली असती की नाही, हे त्या पढवलेल्या पोपटाला ठाऊक नसते. अशा चाचणीत तपासणाऱ्याने दोन गोष्टी पाहायच्या: पढवलेले उत्तर खऱ्या सर्व्हरवरून घेतले आहे की मनाने लिहिले आहे, आणि पढवलेल्या सगळ्या क्वेरी खरोखर विचारल्या गेल्या का.

पीजीॲडमिनचा भर उलट बाजूला आहे. त्याच्या बहुतेक चाचण्या खऱ्या सर्व्हरशी बोलतात. एक प्रकार तर विशेष पाहण्यासारखा आहे. चाचणी एखादे टेबल किंवा फंक्शन तयार करते, मग साधनालाच त्या वस्तूचे एसक्यूएल उलट लिहून द्यायला सांगते, आणि ते आधी ठरवलेल्या मजकुराशी ताडून पाहते. पोस्टग्रेसच्या आवृत्तीगणिक हा मजकूर बदलू शकतो, म्हणून अपेक्षित उत्तरांच्या फाइली आवृत्तीनुसार वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. इथे एक मोह असतो. चाचणी लाल झाली की साधनाने दिलेला नवा मजकूर उचलून अपेक्षित उत्तराच्या फाइलीत चिकटवायचा. खूण हिरवी होते आणि दोष अधिकृत होतो. कोडमधल्या बदलाबरोबर अपेक्षित उत्तराची फाइलही बदललेली दिसली, की तपासणाऱ्याने तिथे सर्वांत जास्त वेळ द्यावा.

सर्वांत वरचा थर ब्राउझरचा. सेलेनियम हे साधन ब्राउझर उघडून माणसासारखी बटणे दाबते. या चाचण्या सर्वांत हळू आणि सर्वांत लहरी. पान उशिरा उघडले म्हणूनही त्या नापास होतात, आणि मग मंडळी ‘पुन्हा चालवा, होईल पास’ असे म्हणू लागतात.

मांडणीचा भाग कंटाळवाणा समजला जातो, पण अर्धा निकाल तिथेच ठरतो. पीजीॲडमिनमध्ये चाचण्यांच्या सेटिंगची एक नमुना फाइल कोडसोबत मिळते. तिची प्रत काढून तीत आपल्या सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, वापरकर्ता, पासवर्ड आणि बॅकअपच्या प्रोग्रॅमचा मार्ग भरायचा असतो. प्रत वेगळी ठेवण्याचे कारण उघड आहे: पासवर्ड असलेली फाइल सामाईक कोडमध्ये जाऊ नये. दुसरे पथ्य त्याहून महत्त्वाचे. या चाचण्या डेटाबेस तयार करतात आणि पुसतातही, म्हणून या फाइलीत चालू कामाच्या सर्व्हरचा पत्ता कधीही येता कामा नये. पाहिजे तेवढाच भाग चालवायची किंवा एखादा भाग वगळायची सोय चाचण्या चालवणाऱ्या आज्ञेत असते; शेवटी पास, नापास आणि वगळलेल्या चाचण्यांची संख्या येते. बहुतेकांचे लक्ष पहिल्या दोन आकड्यांवर असते. बॅकअपच्या प्रोग्रॅमचा मार्ग भरलाच नाही, तर बॅकअपची चाचणी नापास न होता वगळली जाऊ शकते, आणि महिनोन्‌महिने बॅकअप न तपासताही अहवाल निर्दोष दिसतो.

चाचणीला दिलेली माहिती हा यापुढचा, आणि सर्वांत दुर्लक्षित, विषय. परदेशी नमुन्यातली इंग्रजी नावे घेऊन चाचण्या लिहिल्या की मराठी नोंदींचे प्रश्न उमटतच नाहीत. मध्य रेल्वेची तीन स्थानके घ्यावीत: कल्याण, कसारा, कळवा. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून क्रम हाच. पण युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच पुढचा आहे. केवळ क्रमांकांवरून लावलेली यादी कल्याण, कळवा, कसारा अशी येते. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या सॉफ्टवेअर लायब्ररीच्या मदतीने भाषेनुसार क्रम लावता येतो, त्यात मराठीही आहे. स्तंभाला कोणता क्रम लावला आहे हे साधन नीट दाखवते का आणि उलट लिहिलेल्या एसक्यूएलमध्ये तो टिकतो का, हे या तीन नावांनी कळते. ठाणे, दिवा, मुंब्रा घेऊन कळले नसते.

लांबीचेही तसेच. ‘डोंबिवली’ वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने ती आठ चिन्हे आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने साठवणीत २४ बाइट. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल स्तंभाची लांबी चिन्हांत मोजतात, म्हणून आठ लांबीच्या स्तंभात डोंबिवली नेमकी मावते. ओरॅकल मुळात बाइट मोजते. तिथे आठात जेमतेम दोन चिन्हे बसतात. अनेक डेटाबेसांशी बोलणारे साधन नुसता ‘८’ हा आकडा दाखवत असेल, तर तो आकडा दिशाभूल करतो. ‘कऱ्हाड’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एका तऱ्हेने साठवलेले नाव दुसऱ्या तऱ्हेने शोधले की सापडत नाही. कीबोर्ड निराळा असला तरी असे होते, म्हणून चाचणीत दोन्ही रूपे हवीत.

तारखांसाठी ठाणे जिल्ह्याइतका चांगला नमुना शोधून सापडणार नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ ची; तिच्यातली २७ गावे २००२ मध्ये बाहेर गेली आणि १ जून २०१५ रोजी परत आली. गाव कोणत्या काळात कोणाकडे होते, हे साठवायला पोस्टग्रेसमध्ये २०१२ च्या ९.२ आवृत्तीपासून कालखंडाचा खास प्रकार आहे. ज्या कालखंडाची अखेर ठरलेली नाही, तो [२०१५-०६-०१,) असा लिहिला जातो. आता ही नोंद सीएसव्ही फाइलीत काढून परत भरायची. सीएसव्हीत स्वल्पविराम म्हणजे स्तंभाची सीमा, आणि इथे तो मजकुरातच आहे. साधनाने त्याला अवतरणचिन्हांत बांधले नाही, तर एका स्तंभाचे दोन होतात. रिकामी जागा आणि ‘माहिती नाही’ यांतला फरक तेवढ्याच फेऱ्यात पाहून घ्यावा. काढलेले परत भरून मूळ टेबलाशी ताडून पाहणारी अशी एक चाचणी बटणे दाबणाऱ्या दहा चाचण्यांहून जास्त पकडते.

वेळेचा सापळा आणखी चोरटा. चाचण्या बहुधा अशा यंत्रावर चालतात ज्याचे घड्याळ यूटीसीवर असते. भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. १ एप्रिलला पहाटे २ वाजता झालेली कराची नोंद यूटीसीत ३१ मार्च, रात्री ८.३० ची ठरते. तारखेबरोबर आर्थिक वर्षही बदलते. चाचणीत दुपारी १२ ची वेळ दिली, तर हा दोष जन्मात दिसणार नाही. यंत्राचा कालविभाग सेटिंगमध्ये स्पष्ट लिहावा, आणि निदान एकदा चाचण्या भारतीय वेळेवर चालवाव्यात.

सुरक्षेच्या चाचण्यांबाबत पीजीॲडमिनचा स्वतःचा अनुभव बोलका आहे. बॅकअपच्या प्रोग्रॅमचा मार्ग बरोबर आहे का हे पाहणारी एक सोय सर्व्हरवर होती. लॉगिन न करताही ती वापरता येत होती आणि तिथून नको तो प्रोग्रॅम चालवता येत होता; ६.१७ आवृत्तीत, २०२२ मध्ये, हे बंद झाले. २०२४ मध्ये त्याच सोयीत पुन्हा दूरस्थ कोड चालवण्याचा दोष निघाला, ८.४ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये. दोष दुरुस्त झाला की नेमका तोच हल्ला पुन्हा करून पाहणारी चाचणी लिहितात. ती हवीच. पण त्या दारातून आणखी कोण कसा येऊ शकेल, हे तिला विचारलेले नसते. तो प्रश्न तपासणाऱ्यालाच लिहून काढावा लागतो: लॉगिनसह, लॉगिनशिवाय, फाइल चढवण्याचा अधिकार असलेल्या वापरकर्त्याने, वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर.

लहरी चाचण्यांची सोय वेगळी करावी. त्या वेगळ्या गटात ठेवून प्रत्येकीपुढे कारण आणि जबाबदार माणूस लिहावा. वगळणे हा उपाय तात्पुरता. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि तिला पाच वर्षे आधार मिळतो, म्हणून सेटिंगमधली सर्व्हरांची यादी दर वर्षी एकदा उघडावीच लागते. बारावी आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये निवृत्त झाली. जी आवृत्ती यादीतून निघते तिच्यापुरत्या चाचण्या आणि अपेक्षित उत्तरांचे फोल्डरही निघतात; मात्र पुसण्याआधी, त्यांतली एखादी पुढच्या आवृत्तीवरही लागू पडते का आणि तिथे तिची जोडीदार आहे का, हे एकेक करून पाहावे लागते.